गाडी बंद का पडते?

आपल्या सोलापुरात सात रस्त्यावर किंवा विजापूर वेशीत एखादी मोटारसायकल बंद पडली की काय होते, ते तुम्ही पाहिले असेल. दोन मिनिटांत चार-पाच माणसे गोळा होतात. एक म्हणतो, "प्लग गेला असेल." दुसरा म्हणतो, "कार्बोरेटरमध्ये कचरा आला." तिसरा काही न बोलता पुढे होतो आणि किक मारू लागतो. किक मारून मारून त्याला घाम फुटतो, पण गाडी काही चालू होत नाही. शेवटी मालक गाडी ढकलत ढकलत गॅरेज गाठतो.

आता गॅरेजमधला जुना, जाणता मिस्त्री काय करतो ते पाहा. तो लगेच पाना हातात घेत नाही. आधी तो प्रश्न विचारतो. "गाडी एकदम बंद पडली, की आचके देत देत बंद पडली? बंद पडण्याआधी काही आवाज आला का? धूर कोणत्या रंगाचा होता? पेट्रोल कधी भरले? काल कुणी गाडी धुतली होती का?" मालक उत्तरे देतो. मिस्त्री मान हलवतो आणि मग नेमका एकच भाग उघडतो.

हकीमसाहेब किंवा डॉक्टर औषध देण्याआधी रोग्याची हकीकत विचारतात, तसेच हे आहे. फरक एवढाच, की गाडी स्वतः बोलत नाही. तिच्या वतीने आपल्याला बोलावे लागते. म्हणून गाडीचा बिघाड नीट शब्दांत सांगता येणे फार महत्त्वाचे आहे. "गाडी खराब झाली" या वाक्यातून मिस्त्रीला काहीच कळत नाही. मराठीत आवाजाचे किती तरी शब्द आहेत. इंजिनाच्या वरच्या बाजूने बारीक टकटक येते, ती बहुधा व्हॉल्व्हपाशी फट वाढल्याची असते. साखळी सैल झाली की खडखड होते. सायलेन्सरचा जोड सुटला की भसभस आवाज येतो. ब्रेक झिजला की चाकातून खरखर ऐकू येते. टकटक, खडखड, भसभस, खरखर हे शब्द तुम्ही मराठीच्या तासाला शिकता. गॅरेजमध्ये त्यांची किंमत पैशांत मोजता येते. चुकीचा शब्द सांगितला तर चुकीचा भाग उघडला जातो, आणि त्याची मजुरी आपल्यालाच द्यावी लागते.

आता इंजिनाला चालण्यासाठी काय काय लागते ते पाहू या. पेट्रोल, हवा, दाब आणि ठिणगी या चार गोष्टी हव्यात. ठिणगीला उर्दूत चिंगारी म्हणतात, हे तुम्हाला माहीत आहेच. या चारही गोष्टी योग्य वेळी मिळाल्या पाहिजेत. म्हणजे वेळ ही पाचवी गोष्ट झाली. बंद पडलेल्या गाडीत या पाचांपैकी निदान एक तरी कमी पडलेली असते, किंवा इंजिनाचा एखादा भाग अडकलेला असतो. तिसरे कारण क्वचितच सापडेल. अर्थात एक गमतीचे कारण आहे. मुठीजवळचे इंजिन बंद करण्याचे लाल बटण चुकून दाबले जाते आणि माणूस अर्धा तास किक मारत बसतो. तेव्हा पहिल्यांदा ते बटण पाहावे.

इंजिनात सिलिंडर नावाची एक गोल पोकळी असते. तिच्यात पिस्टन वर-खाली होतो. पिस्टन खाली जाताना हवा आणि पेट्रोलची वाफ आत ओढली जाते. तो वर येताना हे मिश्रण दाबले जाते. मग ठिणगी पडते, मिश्रण पेटते आणि पिस्टन जोराने खाली ढकलला जातो. तो पुन्हा वर येताना जळालेला वायू बाहेर फेकतो. ओढणे, दाबणे, पेटणे आणि फेकणे अशी ही चार कामे आहेत. जर्मनीतील निकोलाऊस ऑटो यांनी १८७६ साली अशा रीतीने चालणारे इंजिन तयार केले. पुढे १८८५ साली गोटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी लाकडी सांगाड्याच्या दुचाकीवर इंजिन बसवले. आजच्या मोटारसायकलची ती पणजी म्हणायला हरकत नाही.

ही चार कामे किती वेगाने होतात, याचा हिशेब करा. इंजिन मिनिटाला ६००० फेरे फिरत असेल तर सेकंदाला १०० फेरे झाले. चार कामांना दोन फेरे लागतात. म्हणजे एका सेकंदात ५० वेळा मिश्रण आत येते, ५० वेळा पेटते आणि ५० वेळा बाहेर जाते. तुम्ही "बिस्मिल्लाह" म्हणेपर्यंत एवढे सगळे होऊन जाते! एवढ्या घाईत आत येण्याची आणि बाहेर जाण्याची दारे वेळेवर उघडली-मिटली पाहिजेत. या दारांना व्हॉल्व्ह म्हणतात. त्यांना उघडण्याचे काम कॅमशाफ्ट नावाचा दांडा करतो. त्या दांड्यावर अंड्याच्या आकाराचे उंचवटे असतात. दांडा फिरला की उंचवटा व्हॉल्व्हला दाबतो आणि दार उघडते. उंचवटा पुढे सरकला की स्प्रिंग ते दार मिटवते.

फिरत्या दांड्याने वेळेवर काम करून घेण्याची ही कल्पना फार जुनी आहे. आजच्या तुर्कस्तानातील दियारबकर येथे अल्-जजरी नावाचे एक थोर कारागीर होऊन गेले. त्यांनी यंत्रांवरील आपला अरबी ग्रंथ १२०६ साली पूर्ण केला. पाणी उपसणारी यंत्रे आणि घड्याळे यांची वर्णने त्यात चित्रांसह आहेत. फिरत्या दांड्यावर खुंट्या बसवून त्यांच्याकडून तरफा दाबून घेण्याची युक्ती त्यांनी वापरली आहे. गोल फिरण्याच्या गतीचे पुढे-मागे होण्याच्या गतीत रूपांतर करणारा क्रँकही त्यांच्या पंपात आहे. इंजिनात तोच क्रँक उलट काम करतो. पिस्टनची वर-खाली होणारी गती तो गोल करतो आणि साखळीमार्फत चाकाकडे पाठवतो.

कॅमशाफ्टचे नाव निघाले आहे तर आपल्या गावाची एक गोष्ट सांगितली पाहिजे. सोलापूर म्हटले की लोकांना चादरी आणि टॉवेल आठवतात. पण १९९२ साली स्थापन झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी सोलापूरचीच आहे. मोटारींचे कॅमशाफ्ट येथे ओतले जातात, घासून अचूक केले जातात आणि देशोदेशीच्या मोटार कारखान्यांना पाठवले जातात. परदेशातील एखाद्या रस्त्यावर धावणाऱ्या मोटारीच्या पोटात सोलापूरचा दांडा फिरत असेल, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक नसते.

आता आपण प्रत्यक्ष बिघाडाकडे वळू. समजा, मे महिन्याची दुपार आहे. सोलापुरात पारा ४० अंशांच्या वर गेला आहे. तुमचे मामू बार्शीहून वैरागमार्गे सोलापूरला निघाले आहेत. मागे मुमानी बसल्या आहेत आणि पुढे टाकीवर सामानाची पिशवी आहे. निम्म्या वाटेत गाडी बंद पडते.

पहिला प्रकार असा. गाडी आधी नीट चालत होती. मग तिने दोन-तीन आचके दिले, जणू तिला खोकला झाला, आणि ती थांबली. किक सहज खाली जाते. यावरून काय समजायचे? इंजिन अडकलेले नाही. आचके आले त्याअर्थी पेट्रोल तुटक तुटक मिळत होते. टाकी हलवून पाहिली तर पेट्रोल आहे. मग ते खाली का उतरत नाही? मामूंनी टाकीचे झाकण उघडले, तेव्हा सूं असा आवाज आला. झाकण लावून किक मारली आणि गाडी सुरू झाली! पण पाच-सहा किलोमीटर गेल्यावर पुन्हा तोच खोकला. खरे कारण असे, की टाकीच्या झाकणाला एक बारीक छिद्र असते. जेवढे पेट्रोल खाली उतरते तेवढी हवा त्या छिद्रातून आत येते. ते छिद्र धुळीने बुजले, तर टाकीत हवेचा दाब कमी होतो आणि बाहेरची हवा पेट्रोलला खाली उतरू देत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात तुम्ही हवेच्या दाबाचा प्रयोग वाचला आहे. पाण्याने भरलेल्या ग्लासावर पुठ्ठा ठेवून ग्लास उलटा धरायचा, तोच तो प्रयोग. झाकणाचे छिद्र साफ केले की काम झाले. इथे कार्बोरेटर उघडणाऱ्या मिस्त्रीने तुमच्या मामूंचे पैसे आणि वेळ दोन्ही वाया घालवले असते.

दुसरा प्रकार गंभीर आहे. गाडीची ताकद हळूहळू कमी होऊ लागली. मामूंनी मूठ पिरगाळली तरी वेग वाढेना. इंजिनातून कर्कश आवाज येऊ लागला. तापलेल्या लोखंडाचा वास आला. आणि एकाएकी इंजिन जाम झाले. अशा वेळी मागचे चाकही अडकते आणि गाडी घसरू लागते. येथे एका क्षणात योग्य गोष्ट केली पाहिजे. डाव्या हाताने क्लच पूर्ण दाबायचा. क्लच दाबला की इंजिन आणि चाक यांचा संबंध तुटतो, चाक मोकळे फिरू लागते आणि गाडी सावकाश रस्त्याच्या कडेला घेता येते. हे तुम्ही नीट लक्षात ठेवा, आणि घरी जे कोणी गाडी चालवतात त्यांनाही आजच सांगा. मुमानी मागे बसलेल्या आहेत, हे विसरू नका.

इंजिन जाम का झाले? वंगण कमी पडले म्हणून. वंगण म्हणजे ऑइल. दोन धातू एकमेकांवर घासले की घर्षण होते. उर्दूत त्याला रगड म्हणतात. पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामधली फट केसाच्या जाडीइतकी किंवा त्याहूनही कमी असते. त्या फटीत ऑइलचा पातळ थर असतो आणि पिस्टन त्या थरावरून सरकतो. जळणाऱ्या मिश्रणाचे तापमान २००० अंशांच्याही वर जाते. अॅल्युमिनियम तर ६६० अंशांना वितळते, आणि पिस्टन असतो अॅल्युमिनियमचाच. मग तो वितळत का नाही? कारण त्याची उष्णता सतत सिलिंडरकडे आणि ऑइलकडे जात असते. सिलिंडरला बाहेरून पात्यांसारखे पापुद्रे असतात. त्यांच्यामधून वारा वाहतो आणि उष्णता घेऊन जातो. ऑइल कमी झाले किंवा पापुद्र्यांत चिखल वाळून बसला, की उष्णतेची वाट बंद होते. पिस्टन तापतो आणि फुगतो. अॅल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. सिलिंडरच्या आतली भिंत बिडाची असली तर ती तेवढी फुगत नाही. केसाएवढी फट संपते आणि पिस्टन भिंतीला चिकटतो. गॅरेजच्या भाषेत यालाच इंजिन सीज झाले असे म्हणतात.

या वेळी लोक दोन गोष्टी हमखास करतात आणि त्या दोन्ही घातक आहेत. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओततात. त्यामुळे धातू एका बाजूने एकदम आकुंचन पावतो आणि त्याला तडा जाऊ शकतो. दुसरे म्हणजे किकवर उभे राहून उड्या मारतात. त्यामुळे आतले भाग वाकतात किंवा तुटतात. गाडी सावलीत उभी करून आपोआप थंड होऊ द्यावी. थंड झाल्यावर पिस्टन आकसतो, आणि कधी कधी किक पुन्हा मोकळी होते. पण आत ओरखडे पडलेले असतात. गाडी सुरू झाली म्हणून ती तशीच पळवत नेणे बरे नाही.

साध्या १०० सीसीच्या मोटारसायकलमध्ये साधारण १ लिटर ऑइल मावते. ते पाहायला छोटी पट्टी किंवा काचेची खिडकी असते. गाडी सपाट जागी सरळ उभी करून महिन्यातून दोनदा ऑइल पाहावे. याला दोन मिनिटे लागतात. ती दोन मिनिटे वाचवली तर पुढे सिलिंडरला बोअर मारावा लागतो, पिस्टन आणि रिंगा नव्या घालाव्या लागतात. रोज गाडीवरून फिरून टॉवेल किंवा भाजी विकणाऱ्या माणसाचा हा नुसता गाडीचा खर्च नसतो. त्याचा आठवडाभराचा धंदाच बुडतो.

प्लग हा इंजिनाचा गुपचूप बोलणारा साक्षीदार आहे. प्लग काढून त्याच्या टोकाचा रंग पाहावा. विटकरी किंवा फिकट तपकिरी असेल तर आत सगळे ठीक आहे. कोरडी काळी काजळी असेल तर पेट्रोल जास्त किंवा हवा कमी येत आहे. हवेची जाळी तुंबली असली तरी असेच होते. टोक काळे आणि तेलकट ओले असेल तर ऑइल वर येत आहे. पांढरेफटक झाले असेल तर इंजिन वाजवीपेक्षा जास्त तापत आहे. धुराचेही तसेच. निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे, काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे. हिवाळ्याच्या सकाळी थोडा वेळ पांढरा धूर दिसतो, तो बहुतेक वेळा नुसती पाण्याची वाफ असते. त्याला घाबरू नये.

आता अवजारांकडे येऊ. मराठीतले अवजार आणि उर्दूतले औजार हे एकाच घरचे शब्द आहेत. दुरुस्ती आणि पेच हे शब्द तर दोन्ही भाषांत जसेच्या तसे आहेत. काही ठिकाणी मात्र नावे वेगळी होतात. नट-बोल्टच्या ज्या चढणीला उर्दूत चूडी म्हणतात, तिला मराठीत आटे म्हणतात. लोखंड घासायच्या रेतीला कानस म्हणतात. सोलापूरच्या गॅरेजमध्ये मराठी, उर्दू, कानडी आणि तेलुगू अशा चारही भाषा एकाच वेळी ऐकू येतात. "चूडी गेली" म्हणा किंवा "आटे गेले" म्हणा, मिस्त्रीला दोन्ही समजते. पण विम्याच्या अर्जावर किंवा सरकारी कागदावर लिहायचे झाले तर आटे हाच शब्द कामाला येईल.

पान्यावर १०, १२, १४ असे आकडे असतात. ते कशाचे? नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधले अंतर मिलिमीटरमध्ये सांगणारे ते आकडे आहेत. एक बाजू उघडी असलेला साधा पाना नटाला फक्त दोन बाजूंनी धरतो. रिंग पाना किंवा गोटी पाना त्याला चहूबाजूंनी धरतो. म्हणून घट्ट बसलेला नट आधी रिंग पान्याने सैल करावा. सैल पाना लावून जोर केला तर नटाचे कोपरे गोल होतात. मग तो नट छिन्नीने तोडावा लागतो. पक्कड ही तार धरायला आणि वाकवायला असते. तिने नट फिरवणारा माणूस मिस्त्री नव्हे, असे मी स्पष्टच म्हणेन.

पान्याचा दांडा ठरावीक लांबीचा का असतो, याचे उत्तर तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकातल्या तरफेच्या धड्यात आहे. २० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १०० न्यूटन बल लावले तर नटावर २० न्यूटन-मीटरचा पीळ बसतो. कुणी त्या पान्यात नळी घालून तो ४० सेंटिमीटर लांब केला तर तेवढ्याच जोरात पीळ ४० होतो. लहान पाने मुद्दाम आखूड केलेले असतात, ते लहान बोल्ट तुटू नयेत म्हणून. प्लगचेच उदाहरण घ्या. तो अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये बसतो. पहिले आटे नेहमी हाताच्या बोटांनी फिरवून बसवायचे आणि शेवटी फक्त घट्ट करण्यापुरता पाना लावायचा. वाकडा बसलेला प्लग पान्याने दामटला तर स्वस्तातल्या प्लगपायी महागाचे हेड जाते. व्हॉल्व्हजवळची फट मोजायला फिलर गेज असते. त्यात कागदासारख्या पातळ पट्ट्या असतात आणि प्रत्येकीवर जाडी लिहिलेली असते. आवाज ऐकून फट लावणारे उस्तादही आहेत. त्यांचा कान तयार असतो, पण शिकणाऱ्याने पट्टीच वापरावी.

मोटारसायकलवर जीव टाकणारी माणसे जुन्या गाड्या का सांभाळतात, याचे पुष्कळांना नवल वाटते. जावा गाडीचेच पाहा. फ्रांटिशेक यानेचेक यांनी चेकोस्लोव्हाकियात १९२९ साली ही गाडी सुरू केली. त्यांच्या नावाची पहिली दोन अक्षरे आणि वांडरर या जर्मन कंपनीची पहिली दोन अक्षरे जोडून जावा हे नाव झाले. आपल्या देशात १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ही गाडी बनू लागली. पुढे तीच येझदी झाली. १९९६ साली तो कारखाना बंद पडला. तरीही जुलैच्या दुसऱ्या रविवारी निरनिराळ्या शहरांत जावा-येझदीवाले आपापल्या गाड्या चकचकीत करून एकत्र येतात. या गाडीचा गिअर बदलायचा दांडाच वर वळवून किक म्हणून वापरतात. या गाड्यांची इंजिने टू-स्ट्रोक असतात, म्हणजे चार कामे एकाच फेऱ्यात उरकतात. त्यांना वेगळे ऑइल पेट्रोलमध्येच ठरलेल्या प्रमाणात मिसळून द्यावे लागते. ऑइल घालायचे विसरले, की पिस्टन अडकलाच. बुलेटचा थाट वेगळा. १९५५ पासून ती मद्रासला, म्हणजे आजच्या चेन्नईला, बनू लागली. जुन्या बुलेटमध्ये दाब सोडण्यासाठी एक छोटा दांडा असे. तो दाबून, मीटरचा काटा पाहून पिस्टन नेमक्या जागी आणायचा आणि मग किक मारायची. घाई करणाऱ्याला किक उलटी बसते आणि पाय सुजतो. अशा गाड्यांच्या मालकांना निम्मी मिस्त्रीगिरी शिकावीच लागते. मला वाटते, त्यांना गाडीपेक्षा ते शिकणेच अधिक आवडत असावे.

चारचाकी मोटारीतही पेट्रोल, हवा, दाब, ठिणगी आणि वेळ हाच हिशेब असतो. डिझेलच्या इंजिनात तेवढी ठिणगी नसते. तेथे हवा इतकी दाबली जाते, की तिच्या उष्णतेनेच डिझेल पेटते. मोटारीचे इंजिन थंड ठेवण्यासाठी रेडिएटरमध्ये पाणी असते. तापलेल्या रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच ते उकळते पाणी चेहऱ्यावर उडते.

१ एप्रिल २०२० पासून धूर कमी करण्याचे कडक नियम देशभर लागू झाले. त्यानंतरच्या बहुतेक दुचाकींमध्ये कार्बोरेटर नाही. किती पेट्रोल सोडायचे ते छोटा संगणक ठरवतो. हवा किती, इंजिन किती तापले, मूठ किती पिरगाळली, हे त्याला सेन्सर सांगतात. बिघाड झाला की मीटरवर पिवळा दिवा लागतो. मिस्त्री यंत्र जोडून बिघाडाचा क्रमांक वाचतो. "मग आता मिस्त्रीला विचार करायची गरज काय?" असे तुम्ही म्हणाल. गरज वाढली आहे. यंत्र सांगते, की अमुक सेन्सरचा संदेश चुकीचा येतो. पण सेन्सर बिघडला, की त्याची तार उंदराने कुरतडली, की जोडात पावसाचे पाणी गेले, हे यंत्र सांगत नाही. नवा सेन्सर बसवणे सोपे आहे. जुना का गेला हे शोधणे कठीण, आणि ते शोधले नाही तर नवाही जातो.

आणि आता तुमच्याविषयी. तुमच्यापैकी काहींचे भाऊ किंवा दोस्त गॅरेजमध्ये काम शिकत असतील. तुमच्याही मनात असेल, की शाळा सोडून लवकर उस्तादाचे शागीर्द व्हावे. बालमजुरीचा कायदा १९८६ साली झाला. २०१६ साली त्यात दुरुस्ती झाली. (पाहा, कायद्यातल्या बदलालाही मराठीत दुरुस्तीच म्हणतात.) त्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही, आणि १८ वर्षांपर्यंत धोक्याच्या कामाला लावता येत नाही. गॅरेजमध्ये धोके कमी नाहीत. पेट्रोलने भाग धुताना जवळच कुणी काडी ओढली तर भडका उडतो. चालू इंजिनाच्या साखळीत सदऱ्याची बाही अडकली तर हात जातो. जॅकवर उचललेल्या मोटारीखाली टेकू न लावता कधीही शिरू नये. ठिणगी तपासताना हजारो व्होल्टचा झटका बसू शकतो, म्हणून प्लगची फक्त रबरी टोपी धरायची आणि सांडलेले पेट्रोल आधी पुसायचे. नव्या, संगणक असलेल्या गाडीवर ही तपासणी घरी करूच नये.

दहावी पास झालात की औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत, म्हणजे आय.टी.आय.मध्ये, मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम घेता येतो. सोलापूरची शासकीय आय.टी.आय. विजापूर रस्त्यावर आहे. तेथे कानस धरण्यापासून इंजिन पूर्ण उघडून पुन्हा जोडण्यापर्यंत सगळे हाताने करावे लागते. मोजमापे वहीत लिहावी लागतात आणि कंपनीचे पुस्तक वाचून काम करावे लागते. उस्तादाच्या हाताखाली जे कसब मिळते ते मोठेच आहे. परंतु उस्तादाने कधी न पाहिलेली गाडी गॅरेजमध्ये आली, तर पुस्तक वाचता येणारा शागीर्दच त्याच्या उपयोगी पडतो.

उद्या शाळेला येताना घरच्या किंवा शेजारच्या मोटारसायकलचे ऑइल किती आहे ते मोठ्या माणसांसमोर पाहून या. गाडी थंड असू द्या. पट्टी पुसा, आत घाला, बाहेर काढा आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये कुठे आहे ते वहीत लिहा. ऑइलचा रंग कसा आहे, बोटाला ते चिकट लागते की पाण्यासारखे पातळ, हेही मराठीत तीन-चार वाक्यांत लिहा. वर्गात आपण सगळ्यांच्या वह्या वाचून पाहू.